झाकली मूठ, ओली भिंत

बरेच दिवस ह्या विषयावर लिहायचं मनात होतं. पण दर वेळी "जाऊ दे, लोकांना नावं ठेवणारे आपण कोण" असं म्हणून राहून जायचं. परवाच्या रविवारी घरात जे झालं त्यानंतर मात्र गप्प बसवेना. रविवारचं सांगतोच, पण आधी थोडं मागे जावं लागेल.

आम्ही आमचा डोंबिवलीचा फ्लॅट विकायला काढला आहे. चौथा मजला, वर गच्ची, मागच्या बेडरूमची भिंत पश्चिमेला. ज्यांनी ह्या बाजूचे पावसाळे काढले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस जून ते सप्टेंबर ही भिंत झोडपत असतो. बाहेरच्या प्लास्टरला केसाएवढी चीर असली तरी पाणी आपली वाट शोधतं. मग आतून आधी रंगाला फुगा येतो, मग पोपडे सुटतात, मग पांढरा लोणा येतो, आणि कपाटामागे, जिथे वारा लागत नाही तिथे, काळी बुरशी.

एजंटला मी हे सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "साहेब, घाई कशाला करता? दसरा होऊन जाऊ दे. भिंत वाळली की पुट्टी मारून रंगाचे दोन हात देऊन घेऊ. कपाट आहे तिथेच राहू द्या. पार्टी विचारत नाही. आणि विचारलंच तर सांगायचं, पावसाळ्यात थोडंफार सगळीकडेच असतं." माणूस वाईट नाही. आईच्या आजारपणात रात्री एक वाजता गाडी घेऊन आला होता. आणि तरीही हे सगळं तो किराणा सामानाची यादी वाचावी तसं बोलला. मला नेमकं त्याचंच भय वाटलं.

कारण ह्यातला शब्द न् शब्द मी आधी भोगलेला आहे.

२०११ च्या मार्चमध्ये आम्ही हे घर बघायला आलो. विकणारे काका-काकू इतके अगत्यशील की विचारू नका. चिवडा झाला, चहा झाला, "मुलीला अंगण नाही पण गच्ची आहे हो खेळायला" असं काकूंनी सांगितलं. घर नुकतंच रंगवलेलं, देवघरात कापूर लावलेला. मागच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला एक भलं मोठं गोदरेजचं कपाट. "हे कपाटही ठेवून जातो तुम्हाला, कुठे हलवत बसू आता?" असं काका म्हणाले. आम्हाला कोण आनंद झाला! आमच्या चार वर्षांच्या मुलीची गादी आम्ही त्याच कपाटाशेजारी, त्याच भिंतीला लागून घातली.

जुलैत तिला खोकला सुरू झाला. ऑगस्टमध्ये छातीत घरघर. रात्री-अपरात्री उठून नेब्युलायझर लावायचा, ती रडायची, आम्ही दोघं आळीपाळीने तिला मांडीवर घेऊन बसायचो. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहितालिहिता सहज विचारलं, "घरात ओल आहे का हो?" मी ठामपणे "नाही" म्हणालो. घरी आलो आणि कपाट ओढलं. मागे जमिनीपासून माझ्या छातीएवढ्या उंचीपर्यंत भिंत काळी होती. कपाटाची पाठसुद्धा गंजली होती. एका पावसाळ्यात नव्हे, कित्येक पावसाळ्यांत गंजलेली.

सेक्रेटरींकडे गेलो तर त्यांनाच आश्चर्य वाटलं. "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? दरवर्षीचंच आहे ते." त्यांनी फाइल काढून दाखवली. काकांनी सोसायटीला लिहिलेली तक्रारीची सात पत्रं. सुवाच्य अक्षरात, तारखेसकट. एका पत्रात तर त्यांनी लिहिलं होतं की ह्या ओलीमुळे पत्नीला श्वासाचा त्रास होतो. सोसायटीला सांगायला शब्द होते, मला सांगायला नव्हते. (आणि सोसायटीनेही ना-हरकत प्रमाणपत्र देताना तोंड उघडलं नव्हतं, हे विसरून चालणार नाही.)

दोनेक वर्षांनी काका एका लग्नात भेटले. मी आवाज न चढवता विचारलं. तेही शांतपणे म्हणाले, "अहो, पण तुम्ही विचारलंत कुठे?"

हे वाक्य गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात घर करून बसलं आहे. आज त्याच्याशीच भांडायचं आहे.

आपल्याकडे घर विकत घेताना माणूस काय काय विचारतो ते बघा. वकील लावून तीस वर्षांचा सर्च घेतो. जमीन कोणाची होती, वारस कोण, बोजा आहे का, कर थकला आहे का. विकणाराही छातीठोकपणे लिहून देतो की मिळकत निर्वेध आहे, तिच्यावर कोणाचा हक्क नाही. कागदाच्या तीस वर्षांची चौकशी होते, भिंतीच्या एका पावसाळ्याची होत नाही. आमच्या वेळी बँकेचा व्हॅल्युअर आला होता, त्याने टेप लावून खोल्या मोजल्या आणि दहा मिनिटांत गेला. करारात तर छापीलच असतं की खरेदी घेणाऱ्याने मिळकत समक्ष पाहिली असून तिच्या स्थितीबद्दल त्याची काही तक्रार नाही. पाहिली, खरंच. मार्चमध्ये, कोरडी, रंगवलेली, कपाटाच्या अलीकडून.

आता "विचारलंत कुठे" ह्याला कायदा काय म्हणतो? मी वकील नाही, पण त्या काळात रागाच्या भरात बरंच वाचून काढलं. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ आहे, फसवणुकीची व्याख्या. त्यात म्हटलंय की नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही, जोवर बोलणं हे तुमचं कर्तव्य नाही. उदाहरण घोड्याचं दिलंय. एकाने लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत होतं, तो बोलला नाही. ही फसवणूक नाही. पण लगेच पुढचं उदाहरण येतं. घेणारी जर त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे. म्हणजे घोडा तोच, खोट तीच, पण मुलीला सांगायचं आणि परक्याला नाही सांगितलं तरी चालतं!

काका बहुधा ह्याच घोड्यावर बसले होते. पण घर म्हणजे घोडा नव्हे, हे त्या काळच्या कायदेकर्त्यांनाही कळत होतं. दहाच वर्षांनी, १८८२ साली, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आला. त्याचं कलम ५५ सांगतं की विरुद्ध करार नसेल तर, मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडला नसता, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. आणि न सांगणं म्हणजे फसवणूक, असंही त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. "विचारलं तर सांगा" असं नाही, "सांगा" असं. हा काही परवाच्या सरकारने काढलेला नियम नाही. आपले पणजोबा घरं विकत होते तेव्हापासून तो पुस्तकात आहे.

मग पुस्तकातून भिंतीपर्यंत का येत नाही? कारण सिद्ध कोण करणार? ओल ही मोठी सोयीची खोट आहे. ती आठ महिने रजेवर असते. नवीन इमारत असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याने निदान एक दार ठोठावता येतं. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा आहे. पण जुन्या घराच्या व्यवहारात एका बाजूला काका असतात आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. दिवाणी कोर्टात जायचं, तारखा घ्यायच्या, आणि मधल्या काळात मुलीला नेब्युलायझर लावायचा. मी गेलो नाही. जवळपास कोणीच जात नाही. म्हणून तर "झाकली मूठ सव्वा लाखाची" हे आपलं खरं मालमत्ता हस्तांतरणाचं कलम झालंय.

आता लोक जे म्हणतात ते एकेक घेऊ.

पहिलं: "मुंबई-ठाण्यात ओल कुठे नसते?" असते की. मग सांगायला हरकत काय? जी गोष्ट सगळ्यांकडे आहे ती सांगितल्याने तुमचं काय बिघडणार आहे? बिघडतं म्हणूनच लपवता ना? भिंतीवर चार दिवस पावसाळी दमटपणा येणं वेगळं आणि दरवर्षी त्याच कोपऱ्यात पाणी झिरपणं वेगळं, हा फरक विकणाऱ्याइतका जगात कोणालाच ठाऊक नसतो.

दुसरं: "जुन्या घराच्या किमतीत ते धरलेलंच असतं." धरलेलं असतं तर रंगाचा खर्च कशासाठी? किमतीत धरलेली गोष्ट कोणी पुट्टीने झाकत नाही.

तिसरं: "रंगवणं म्हणजे लबाडी नाही, घर नीटनेटकं करून देणं आहे." कबूल, जर आधी गळती काढली असेल तर. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच. त्यांना हवं असतं ते फक्त पाणी. जागा एक-दोन दिवस ओली राहिली की त्यांचं काम सुरू होतं. पाणी येत राहिलं तर वरून कितीही उंची रंग लावा, तो रंग म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा पडदा. घर नीटनेटकं करणं आणि पुरावा पुसणं ह्यात फरक आहे, आणि ब्रश हातात धरणाऱ्याला तो बरोबर कळतो.

चौथं: "ओलीने कोण मरतं?" जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर मार्गदर्शक पुस्तक काढलं. अशा घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारींचा आणि दम्याचा धोका जास्त असतो, हा त्याचा निष्कर्ष. आणि इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं एक मूल दगावलं. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेल्या श्वसनविकाराने ते गेलं, असा निर्णय तिथल्या चौकशी अधिकाऱ्याने २०२२ साली दिला. ते भाड्याचं घर होतं, गोष्ट वेगळी आहे, पण बुरशीला करारनामा वाचता येत नाही. माझ्या मुलीच्या दम्याला ती भिंतच कारण होती असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "आधी तिची गादी तिथून हलवा."

पाचवं मात्र खरं कठीण: "आयुष्याची पुंजी आहे हो. खरं सांगितलं तर तीन-चार लाखांचं नुकसान होईल, ते कोण भरून देणार?" ह्याला उडवून लावायची माझी हिंमत नाही, कारण आज मी स्वतः त्याच जागी उभा आहे. पण नीट विचार केला तर कळतं की नुकसान आधीच झालेलं आहे. भिंत आधीच ओली आहे. लपवून आपण नुकसान टाळत नाही, फक्त शेअर सर्टिफिकेटवर जसं नाव बदलतो तसं त्या नुकसानावर दुसऱ्याचं नाव चढवतो. आणि तो दुसरा कोण, तर बहुतेक वेळा आपल्याहून तरुण, आपल्याहून मोठ्या कर्जातला, आणि लहान मूल असलेला.

आता रविवार.

सोसायटीशी दोन वर्षं भांडून आम्ही गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. (गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्याच खर्चाने व्हायची असते. लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो.) बाहेरची चीर दोनदा भरली. पुष्कळ फरक पडला. तरी जोराच्या पावसाच्या वर्षी खिडकीखालचा कोपरा ओला होतोच. ह्या वर्षी झालाय. हातभर लांब, ताटाएवढा उंच, काळसर डाग.

एजंट थांबा म्हणत होता, पण एका जोडप्याला घाई होती. संध्याकाळी पाच वाजता यायचे होते. साडेचारला मी मागच्या खोलीत गेलो आणि तेच जुनं कपाट ढकलायला लागलो. कोपऱ्याकडे.

होय, मीच. एवढं सगळं भोगलेला, कलम ५५ पाठ असलेला मी. मनात एजंटचंच वाक्य घोळत होतं, दसऱ्यानंतर तर कोरडंच होणार आहे. वर काल पुण्याच्या घराच्या हप्त्याचा मेसेज येऊन गेला होता.

मुलगी दारात उभी होती. ह्याच वर्षी अठरा पूर्ण झाली तिला. (त्या कायद्यातली "नुकतीच सज्ञान झालेली मुलगी" मला त्या क्षणी आठवली, आणि हसूही आलं नाही.) ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, त्या काकांनी आपल्याला सांगितलं असतं तर आपण हे घर घेतलंच नसतं का?"

मी कपाटाला टेकून विचार केला. खरं उत्तर असं होतं की, घेतलं असतं. तेव्हा आमच्या पैशांत दुसरं मिळत नव्हतं. स्टेशन जवळ, शाळा जवळ. लाखभर कमी करून घेतले असते आणि घर घेतलंच असतं.

"घेतलं असतं," मी म्हणालो, "पण तुझी गादी त्या भिंतीला लावली नसती."

बोललो आणि मलाच पहिल्यांदा कळलं की माझा काकांवरचा राग नेमका कशाचा होता. पैशांचा नव्हताच. पैसे आम्ही भरले, दुरुस्त्या केल्या, विसरलो. त्यांनी आमच्यापासून लाख-दीड लाख लपवले ह्याचं काही नाही. त्यांनी लपवलं ते एवढंच, की लहान मुलाला कुठे झोपवू नये. ते सांगायला त्यांना दमडी खर्च नव्हता. निदान किल्ल्या हातात देताना, सगळे पैसे मिळाल्यावर तरी, "त्या भिंतीपासून पोरीला लांब ठेवा हं" असं म्हणता आलं असतं. पण एकदा गप्प बसलेल्या माणसाला नंतर बोलता येत नाही. पहिलं मौन पुढची सगळी मौनं विकत घेऊन ठेवतं.

कपाट आम्ही दोघांनी मिळून परत मागे ओढलं. ते जोडपं आलं. मी त्यांना आधी तो कोपरा दाखवला, मग सोसायटीची पत्रं, दुरुस्तीच्या पावत्या, आणि बाहेरून पूर्ण प्लास्टर करायला किती लागतील ह्याचा कंत्राटदाराने दिलेला आकडा. तिच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा होता. नवऱ्याने डागाला बोट लावून पाहिलं. "विचार करून कळवतो" म्हणाले. अजून कळवलेलं नाही. एजंट तेव्हापासून माझा फोन चार रिंगा झाल्यावर उचलतो.

तेव्हा हे काही "खरं बोललो आणि देवाने भलं केलं" छापाचं लिखाण नाही. फ्लॅट विकला गेलेला नाही, हप्ता चालू आहे. पण माझं म्हणणं असं की ही लढाई एकेकट्या माणसाच्या साडेचार वाजताच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडायचीच कशाला? कॅलिफोर्नियात घर विकणाऱ्याला आपल्या माहितीतले दोष एका छापील नमुन्यात लिहून द्यावे लागतात, आणि तिथेही माणसं आपल्यासारखीच लबाड आहेत. आपल्याकडे सोसायटी ना-हरकत आणि नादेय प्रमाणपत्र देतेच. त्याला एक कागद जोडा, गेल्या पाच वर्षांत ह्या सदनिकेतून गळतीच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय केलं. फाइल कपाटात तयारच असते, फक्त उघडायची आहे. टोकन देण्याआधी विकणाऱ्याने अर्ध्या पानावर सही करून द्यावी, कुठे ओल येते, कधीपासून, काय दुरुस्ती केली. आणि घेणाऱ्यांनो, तुम्हीही शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये बघा, आणि कपाट ओढायला लाजू नका. मुलगी बघायला जात नाही आहात, घर बघायला जाताय.

माझं अर्ध पान मी लिहून ठेवलंय. दारामागच्या खिळ्याला अडकवलंय, येईल त्याला दाखवायला. शेवटची ओळ मुलीने स्वतःच्या अक्षरात घातली आहे:

"ह्या भिंतीला लागून लहान मुलांना झोपवू नये."

असो. पाऊस पुन्हा वाढलाय, कोपरा बघून येतो.